तोर्मा नदीतली तिरफळं

मासे आले होते. नुसते आले नव्हते, ढिगानं आले होते, आणि तोर्मा नदीच्या मुखाशी ठाण मांडून बसले होते. आत मात्र एकही मेला शिरत नव्हता. डॉक्टर उल्का खोबरेकर गमबूट घालून गुडघाभर पाण्यात उभी होती आणि त्यांना मालवणीत शिव्या घालत होती. नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला मालवणी कुणाला कळत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला सापडलेली सोय काय ती एवढीच.

"दोन वर्षां वाट बघलंय रे तुमची! आता दारात येवन रुसतास कित्याक?"

मासे ढिम्म. पाण्याखाली रुपेरी पाठी सावकाश गोल गोल फिरत होत्या. मुखाशी समुद्राचं पाणी यंदा भलतंच कोमट झालं होतं आणि अंगाला चिकटून रक्त पिणाऱ्या किडी त्या पाठींवर दिसायला लागल्या होत्या. बाहेरच्या खडकांवर सील लोळत पडले होते. भूक लागली की उतरायचं, खायचं, परत चढून लोळायचं. आणखी आठवडाभर हे असंच चाललं, तर आत यायला कुणी शिल्लकच राहणार नव्हतं. आणि तोर्माच्या मूळ वाणाचे हे शेवटचे सॅमन होते. नदीतली शेवटची अंडी गोळा करून उल्कानं आपल्या मत्स्यसंशोधन केंद्रातल्या हौदांत हे मासे वाढवले होते आणि समुद्रात सोडले होते. ह्यांनी वर जाऊन अंडी घातली नाहीत, तर तोर्माचा सॅमन संपला. विषय बंद.

"काय म्हणतायत?" काठावरून ओद्वारनं विचारलं.

"काही म्हणत नाहीत. मासे आहेत ते."

"माझे पाहुणे मात्र बरंच काही म्हणतायत."

ओद्वार हा नदीसमितीचा अध्यक्ष, आणि काठावरच्या एकुलत्या एक पाहुणघराचा मालकही तोच. म्हणजे पंच आणि फलंदाज एकच माणूस. नियम उल्कानं समितीच्या मानगुटीवर बसून करून घेतला होता: पुरेसे मासे मोजणी करणाऱ्या कॅमेऱ्याच्या फाटकातून वर गेले, की मगच हौशी गळवाल्यांना नदी खुली. त्यामुळे पाहुणघरात देशोदेशीचे गळवाले बसून होते. दिवसभर कॉफी ढोसायची, महागडे गळ पुसत बसायचं आणि खिडकीतून उल्काकडे डोळे वटारायचे, हाच त्यांचा उद्योग.

"तुझं यंत्र चालत नाही," ओद्वार म्हणाला. "मासे नाहीतरी मरणारच आहेत. मग मुखाशी तरी गळ टाकू दे की. सीलनी खाल्लेले चालतात, माणसांनी पकडलेले चालत नाहीत?"

"मुखाशी एकही गळ पडणार नाही."

"शुक्रवारी बैठक आहे. मतदान घेतो मी." एवढं बोलून तो शीळ घालत गेला. उल्काला त्याची शीळ पहिल्या दिवसापासून डोक्यात जात असे.

आता हे यंत्र काय होतं ते सांगायला हवं. सॅमनचा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, गोड्या आणि थंडगार पाण्यात होतो. तिथं तो लहानाचा मोठा होतो आणि मग समुद्राकडे निघतो. निघण्याआधीच्या काही आठवड्यांत त्याच्या शरीरात मोठी उलथापालथ होते. अंग रुपेरी होतं, खारं पाणी सोसायची ताकद येते, आणि त्याच दिवसांत तो ज्या पाण्यात असेल त्या पाण्याचा वास त्याच्या मेंदूत कायमचा कोरला जातो. माती, शेवाळ, दगड, कुजलेली पानं ह्या सगळ्याचा मिळून होणारा एकच वास. मग दोन हिवाळे समुद्रात उंडारून झाले, की चतुर्थीला चाकरमानी कोकणात उतरतात तसे हे सगळे एकाच हंगामात परत फिरतात, आणि किनाऱ्याजवळ आले की तोच वास हुंगत आपली नदी शोधून काढतात.

तोर्माच्या बाबतीत झालं असं, की हवा तापली आणि वरच्या डोंगरातली पिढ्यान्‌पिढ्या गोठलेली जमीन वितळली. दरडी कोसळल्या, नदीत भलत्याच मातीचा गाळ आला आणि तिचा वास दर वर्षी बदलायला लागला. परत येणाऱ्या माशांना घर ओळखू येईना. त्यावर उल्कानं उपाय काढला होता. प्रयोगशाळेत तयार केलेला एक रेणू. निसर्गात कुठं न सापडणारा, माणसाच्या नाकाला न कळणारा, कुणाला अपाय न करणारा. त्याला तिनं नाव दिलं होतं गंधखूण. समुद्राकडे निघायच्या वयात पिल्लांच्या हौदात गंधखुणेचे थेंब सोडायचे, आणि मासे परतायच्या हंगामात नदीकाठी बसवलेल्या पंपांतून तेच थेंब नदीत सोडायचे. नदी कितीही बदलो, हा वास बदलणार नाही. एका पिढीपुरती कुबडी. दरडी बसल्या, नदी निवळली, की काढून टाकायची.

ओद्वारला ही कुबडी भलतीच आवडली. पंप सुरू केले की मासे येणार, बंद केले की थांबणार. "म्हणजे नळच की हा!" तो पहिल्याच बैठकीत म्हणाला होता. पाहुणे शनिवारी येतात, शनिवारी नळ सोडायचा. सोमवारी जातात, सोमवारी बंद. नदीच्या वरच्या टोकापर्यंत पंप कायमचे बसवा, पुढच्या सगळ्या पिढ्यांना हाच वास शिकवा, म्हणजे हंगाम कायमचा आपल्या मुठीत. उल्का त्याच्याशी भांडून भांडून घसा बसेपर्यंत ओरडली होती. आणि आता नळ धो धो सोडलेला असताना मासे दारात उभे होते, आणि ह्या माणसाला ती काय उत्तर देणार होती?

तिनं सगळं तपासलं होतं. रेणू बरोबर, मात्रा बरोबर, पंप ठणठणीत. मासे मुखापर्यंत आले म्हणजे त्यांना गंधखूण कळत होती. तरीही आत येत नव्हते. काहीतरी कमी होतं, आणि काय कमी होतं ते त्या बहाद्दरांना विचारायची सोय नव्हती.

*

भूक सहन होईना तेव्हा ती बंदरावर श्यूमेईच्या दुकानात गेली. श्यूमेई चीनच्या सिचुआन प्रांतातली. ह्याच वसंतात तिनं धक्क्यावर नूडल्सचं छोटंसं दुकान टाकलं होतं आणि गावात ती एकटीच अशी होती, जी जेवणात मिठापलीकडे काहीतरी घालत असे. दुकानाबाहेर गर्दी होती. माणसं धक्क्यावरून वाकून खाली बघत होती. श्यूमेई हातात झारा घेऊन दारात उभी होती आणि वैतागलेली होती.

"डॉक्टर, हे तुमचे मासे ना? माझ्या गटाराशी काय करतायत? सकाळपासून लोक फोटो काढतायत, खात कुणीच नाही!"

उल्कानं खाली पाहिलं. दुकानाच्या मोरीचा पाइप धक्क्याखाली समुद्रात उतरत होता आणि त्याच्या तोंडाशी पाच-सहा सॅमन नाकाला नाक लावून उभे होते. जगातला सगळ्यात शुद्ध रेणू नदीत थेंबाथेंबानं सुटत होता, आणि हे दिवटे खरकट्याच्या पाण्याशी रांग लावून होते! तिला हसावं की रडावं ते कळेना. ती आत जाऊन बाकावर बसली आणि समोर आलेल्या वाडग्यातला एक घास तिनं रागारागानं तोंडात कोंबला.

जीभ झिणझिणली. ओठ बधिर झाले. आणि नाकात एक वास शिरला, जो ह्या अक्षांशावर असण्याचं काहीही कारण नव्हतं.

"श्यूमेई, हे काय आहे ह्यात?"

"मिरी आहे आमच्याकडची. जीभ झिणझिणते ना? चांगली असते."

"मिरी कसली! हे तर तिरफळ आहे!"

तिरफळ नव्हतं ते, तिरफळाचं चुलतभावंड होतं. पण उल्काला पुढचं सगळं त्याच क्षणी कळून चुकलं. ती वाडगा तसाच टाकून उठली, तेव्हा श्यूमेईनं मागून हाक मारून विचारलं की चव आवडली नाही का, आणि उल्कानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

*

तिच्या आईनं डोळे मिटले, त्या हिवाळ्यात, हेच मासे हौदांत पिल्लं असताना, बाबा इथं राहायला आले होते. भिवा खोबरेकर, मालवणच्या किनाऱ्यावर जन्मभर रापणीचं जाळं ओढलेला माणूस. आले ते लोकरीच्या चार थरांत गुंडाळलेले, आणि सामानात कपड्यांपेक्षा कोकमं, सुका जवळा आणि तिरफळांची एक बरणी जास्त. उल्काच्या घरात ह्यातलं काहीच शिजवायची परवानगी नव्हती. हौदांतल्या पिल्लांच्या नाकात गंधखुणेशिवाय दुसरा वास जायला नको, म्हणून केंद्रातल्या सगळ्यांना साबण बिनवासाचा, क्रीम बंद, कॉफी बंद, आणि उल्का स्वतः तर घरीही उकडलेले बटाटे आणि पाव खाऊन राहत होती. बाबांनी आठवडाभर बटाटे खाल्ले आणि मग म्हणाले, "तुरुंगात तरी आमटी गावता गो." दिवसभर घरात बसून ते कंटाळत, म्हणून ती त्यांना केंद्रात घेऊन जायची. तिथं ते हौदांच्या काठाशी स्टूल टाकून बसत आणि पिल्लांशी गप्पा मारत. 'तुझे रावस' म्हणत त्यांना. ते रावस नव्हेत हे उल्कानं त्यांना समजावून समजावून हात टेकले होते.

मग वसंतात एक दिवस ती हौदाशी आली आणि पाहते तो बाबा पाणी येतं त्या पाइपापाशी कोपरापर्यंत हात बुडवून उभे. तिचा तोल गेला. सगळ्या सहकाऱ्यांसमोर ती ओरडली, "कशालाही हात लावू नका, बाबा! तुम्हाला ह्यातलं काही म्हणजे काही कळत नाही!" भाषा कुणाला कळली नाही, पण सूर सगळ्यांना कळला. बाबांनी हात पुसले. त्याच आठवड्यात ते मालवणला परत गेले, आणि बरणी फळीवर तशीच राहिली.

उल्कानं फोन लावला.

"जेवलंस?" बाबांनी उचलताच विचारलं. दोन वर्षांत त्यांचं सगळं बोलणं ह्या एका प्रश्नावर सुरू होऊन तिथंच संपत असे.

"बाबा, हौदात तिरफळं टाकली होतीत तुम्ही?"

पलीकडे बाबांच्या मागे कावळे ओरडत होते.

"हौदात नाय टाकलंय," बाबा म्हणाले. "हौदात टाकल्यार तुझ्या जाळीक अडाकली असती. पाणी येता त्या पायपाच्या तोंडाक पुरचुंडी बांधलंलंय. बारकीशीच. हळदीचा पान पण घालूचा होता, पण थयसर खय गावतला?"

"आणि कुणाला दिसली कशी नाही ती?"

"दिसात कशी? धाग्यान आत सोडलंलंय. वास उडालो काय बदलीत होतंय. जाताना सोडवन आणलंय. कचरो कित्याक ठेवचो लोकांकडे?"

"पण कशासाठी? कशासाठी, बाबा?"

"हिवस मारूक."

हिवस म्हणजे माशाचा तो कच्चा, अंगाला चिकटून बसणारा वास. मालवणात बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालतात ती त्याचसाठी. पण ती टोपात घालतात! जिवंत पिल्लांच्या पाण्यात तिरफळं सोडायची अक्कल अख्ख्या पृथ्वीवर मालवणच्या माणसालाच सुचू शकते, आणि तो माणूस नेमका आपला बाप असावा, ह्यापुढं नशिबाला आणखी काय बोलणार?

"जिवंत मासे होते ते! जिवंत माशाला हिवस नाही तर काय मोगऱ्याचा वास येणार?"

"ता खरा, पण तुझे ते रावस..."

"रावस नाहीत ते!" उल्का किंचाळली. "माझी सगळी मेहनत पाण्यात गेली, बाबा! त्यांना गंधखूण आणि तिरफळ मिळून घर वाटतंय आता. नुसती गंधखूण हुंगून ते दारात उभे आहेत आणि मरतायत. शेवटचे मासे आहेत ते! हात लावू नका म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलंलंस," बाबा हळूच म्हणाले. "पण आयक गो, तेवा तू..."

तिनं फोन बंद केला.

*

राग राग म्हटला तरी शास्त्र सुटत नाही. अंदाज बरोबर आहे की नाही ते तपासायला हवं होतं. उल्कानं मोरीशी उभ्या असलेल्या माशांतला एक जाळीनं उचलून केंद्रात आणला. तिथं इंग्रजी वाय अक्षरासारखा एक काचेचा पाट होता. मासा त्या वायच्या शेपटाकडून सोडायचा, दोन फाट्यांतून दोन वेगळी पाणी सोडायची, आणि तो कुठं जातो ते बघायचं.

पहिल्या खेपेला एका फाट्यात साधं पाणी, दुसऱ्यात गंधखूण. मासा गंधखुणेकडे तोंड करून उभा राहिला आणि तसाच राहिला. दुसऱ्या खेपेला तिनं गंधखुणेत श्यूमेईकडून मागून आणलेली मिरी मिसळली. मासा पुढं आला, फाट्यापाशी थबकला, आणि परत मागे सरकला. तिसऱ्या खेपेसाठी तिला घरी जावं लागलं.

बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं. फडक्यानं धरून तिनं ते पिळलं, आणि स्वयंपाकघरात एकदम आई आली. बांगडे, नारळाचं वाटप, चुलीवरचा टोप, आणि 'उलके, बिया काढ गो आधी, कडू होतला' म्हणणारी आई. उल्काला रडू फुटलं, आणि रडू फुटलं ह्याचाही तिला राग आला. तिनं टरफलं वेगळी केली, काळ्या बिया टाकून दिल्या, टरफलं ठेचली आणि त्यांचा अर्क काढला.

तिसऱ्या खेपेला मासा इतक्या जोरात फाट्यात घुसला, की पाटाच्या टोकाची जाळी उखडून खाली पडली आणि उल्का नखशिखान्त भिजली. ती तशीच ओल्या कपड्यांनी जमिनीवर बसून राहिली. सॅमनच्या नाकाला थेंबाचाही अंश पुरतो. बरणीतला साठा नदीला एकदा, फक्त एकदा पुरला असता.

आता अडचण अशी होती, की तोर्मा नदीत परकी वनस्पती, तिचं बी, तिचा पाला, तिचा अर्क, काहीही टाकायला सक्त मनाई होती. टाकणाऱ्याचा नदीवर काम करायचा परवाना रद्द. हा नियम कुणी केला होता? उल्का खोबरेकरनं. पाहुण्यांचे बूटसुद्धा ती जंतुनाशकात बुडवून घ्यायला लावत असे. परवानगी मागितली असती तर मिळाली असती, बहुधा पुढच्या हिवाळ्यात, सगळे मासे मेल्यावर.

दुसऱ्या दिवशी ती मुखाजवळच्या पंपात अर्क ओतत असताना शीळ ऐकू आली.

"कसला वास येतोय हा?" ओद्वार जवळ आला. त्यानं उघडी बरणी पाहिली, उल्काच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्याला हळूहळू सगळा उलगडा झाला. इतका खूश झालेला ओद्वार तिनं आजवर पाहिला नव्हता. "परकी वनस्पती? नदीत? आणि ती तू टाकतेयस? अगं, माझ्या जपानी पाहुण्याची टोपीसुद्धा तू धुवायला लावली होतीस!"

"बिया काढल्यात. ह्यातून काही उगवणार नाही. मासे वर जातील, बस्स."

"जाऊ देत की! मी काही पाहिलंच नाही." तो तिच्याशेजारी दगडावर ऐसपैस बसला. "फक्त पंपांचं तेवढं बघ. कायम राहू देत. वरपर्यंत बसवू. तू समितीत हो म्हण, मी ह्या बरणीबद्दल कुणाला चकार शब्द सांगत नाही. तुझे मासे जगले, तुझी नोकरी राहिली, माझा हंगाम झाला. सगळ्यांचं भलं."

खरं सांगायचं तर उल्काला क्षणभर पटलं. तिला पन्नाशी जवळ आली होती. ह्या नदीखेरीज तिनं दुसरं काही जमवलेलं नव्हतं. परवाना गेला, की इथं तिचं काय उरणार होतं? एक शब्द बोलायचा होता, हो. मग तिला पुढची पिल्लं दिसायला लागली. गेल्या दोन वर्षांत दरडी बसल्या होत्या, काठांवर शेवाळ धरलं होतं, नदी निवळली होती. पंप काढले, तर ती पिल्लं निव्वळ तोर्माचा वास शिकणार होती. ठेवले, तर शनिवारी दार उघडणार आणि सोमवारी बंद, आणि किल्ली ह्या शीळ घालणाऱ्या माणसाच्या खिशात. एकदा दारात उभे राहिलेले मासे कसे दिसतात ते तिनं पाहिलं होतं.

तिनं खिशातून फोन काढला आणि पर्यावरण खात्याच्या निरीक्षकाला लावला. "मी डॉक्टर खोबरेकर. तोर्मा नदीत मी आत्ता एक परकी वनस्पती सोडतेय. हो, जाणूनबुजून. नमुने घ्यायला माणूस पाठवा. आणि मासे वर गेले, की सगळे पंप मी स्वतः उपटून काढणार आहे, त्याचीही नोंद करा. ओद्वार इथंच बसलेत, साक्षीदार म्हणून त्यांचं नाव घाला."

ओद्वार उठला. त्याची शीळ बंद झाली होती. "वेडी आहेस तू," तो म्हणाला.

"घराण्यातच आहे," उल्का म्हणाली, आणि तिनं पंपाचं बटण दाबलं.

*

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मुखाशी फिरणारं ते रुपेरी वर्तुळ एका बाजूनं उसवलं. एक मासा वळला, त्याच्यामागे दुसरा, आणि मग सगळं पाणीच पाठींनी भरून आत यायला लागलं. दगडांवरून उड्या घेत, एकमेकांना ढकलत, पाणी उडवत ते उल्काच्या गमबुटांना घासून वर निघाले. पाहुणघराच्या खिडकीत गळवाले उभे राहून ओरडत होते. उल्काही ओरडत होती. काय ओरडत होती ते तिचं तिला कळत नव्हतं.

तिनं बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन नदीकडे धरला.

बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "इले," ते म्हणाले. मग, "जेवलंस?"

"नाय जेवलंय," उल्का म्हणाली. आपण त्यांच्याशी मालवणीत बोललो हे तिच्या नंतर लक्षात आलं. "बाबा, माझो परवानो जातलो आता."

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळेच! मग काय!" तिला परत सगळा संताप आठवला. "एक सांगा माका. उभो जन्म तुमचो माशांत गेलो. घरात मासे, पडवेत मासे, अंगावर खवले. तुमका कधी हिवसाचा काय वाटला नाय. मग माझ्या पिल्लांचोच हिवस तुमका एवढो कित्याक लागलो?"

"पिल्लांचो नाय गो." बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला घेतला. "तुझो."

"माझो?"

"तू एक दिवस बशीतसून रडत इलंलंस. तुझ्या बाजूक बसलेली बाई नाकाक रुमाल लावन उठान दुसरीकडे जावन बसली, म्हणान. त्या तुझ्या बिनवासाच्या साबणान हिवस जाय नाय. तू तीनतीनदा हात धुवत होतंस, मी बघी होतंय. माका थयसर दुसरा काय येत होता? भाषा येय नाय, बाहेर थंडी. म्हटलां, मूळ पाण्यातसूनच मारूया. तुका सांगूक गेलंय असतंय तर तू आराडला असतंस."

उल्काला तो दिवस आठवतच नव्हता. ती बस, ती बाई, काहीच नाही. ह्या देशात असे दिवस इतके झाले होते, की तिनं ते लक्षात ठेवणंच सोडून दिलं होतं. बाबांनी मात्र एक ठेवला होता, आणि तो घेऊन ते कोपरापर्यंत बर्फगार पाण्यात हात घालून उभे राहिले होते, आणि तिनं चार लोकांत त्यांना काय म्हटलं होतं.

नदी मासे घेऊन वर चालली होती. उल्का काठावरच्या दगडावर बसली. तिचा चेहरा हलायला लागला होता, म्हणून तिनं फोन जरा बाजूला धरला.

"गेलो काय मगे वास?" फोनमधून बाबांनी विचारलं.

तिनं दोन्ही हात नाकाशी नेले. सकाळपासून टरफलं ठेचून बोटं काळपट झाली होती, अजून झिणझिणत होती.

"गेलो, बाबा," ती म्हणाली.